मी फॉर्मात होती

रेखाबाई,

जिंकलेलीनं म्हणायचं की समोरची थकली होती, आणि हरलेलीनं म्हणायचं की छे, मी चांगली तगडी होते. असं उलटं भांडण मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. आपण ते बारा वर्षं चालवलं. फोनवर, एसटीत, तुझ्या क्वार्टरच्या ओट्यावर, माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा. हात पिवळे असताना तू मला म्हणालीस, "आता तरी कबूल कर व, मी फॉर्मात होती." मी कबूल केलं नाही. तू जाऊन आज अठरा दिवस झाले. एकटीनं भांडता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू बॉक्सिंगच्या रिंगमध्ये नव्हतीस. चंद्रपूरच्या हॉलबाहेर नळावर जेवणाचा डबा धूत होतीस. अंगात वनरक्षकाची खाकी पँट आणि वर साधा बनियनसारखा टी-शर्ट. मी पंधरा वर्षांची, गोंडपिपरीकडच्या तळ्यावरच्या गावातून आलेली, पहिलीच लढत हरून नळाशी तोंड धुवायला उभी. तू माझ्या हातांकडं पाहिलंस.

"पट्टी कोनं बांधली?"

"मीच."

"मोडलेल्या पायाले बांधते तशी बांधली. इकडं आन."

डबा बाजूला ठेवून तू दोन्ही हातांच्या पट्ट्या सोडवल्यास आणि पुन्हा बांधून दिल्यास. अंगठ्यापासून सुरुवात, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून. लढत तर संपली होती. त्या पट्ट्यांचा आता काही उपयोग नव्हता. पण मी त्या तशाच बांधून गावापर्यंत बसमध्ये बसले, आणि घरी आईनं जेवायला वाढलं तेव्हा कुठं सोडल्या. तू आमच्या वजनगटात कितीतरी वर्षं हरली नव्हतीस, हे मला नंतर आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं.

पाच वर्षांनी त्याच हॉलमध्ये अंतिम लढतीत तू माझ्यासमोर होतीस. तुझं वय छत्तीस, माझं वीस. अकरा वर्षं जिल्ह्याची पहिली तूच होतीस आणि बारावं घ्यायला आली होतीस. मला राज्याच्या संघात जायचं होतं. तिथं पदक मिळालं तर नोकरीची आशा होती, आणि नाही मिळालं तर आईबरोबर तळ्यातले शिंगाडे काढायला जायचं, एवढं ठरलेलं होतं.

पहिली फेरी तू घेतलीस. यात वाद नाही. तुझा डावा हात माझ्या नाकावर असा येत होता, जशी कोणी सवयीनं घराची कडी वाजवावी. घाई नाही, फार जोरही नाही, पण एकदाही चुकला नाही. मी जवळ आले की तू अर्धं पाऊल बाजूला होतीस आणि मी दोरखंडावर जाऊन आदळत होते. पहिल्या रांगेतली बायामाणसं हसली, ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या फेरीत मला एक गोष्ट दिसली. तू मान जराशी डावीकडं वळवून धरत होतीस. आधी वाटलं, तुझी ढबच असेल. मग मी उजवा हात नुसता बाजूनं फिरवला, मारायचा म्हणून नाही. तुझी पापणी हलली नाही. पुन्हा फिरवला. तरी हलली नाही. बाई, माणूस कितीही दमलं, कितीही वयाचं असलं, तरी डोळ्यापुढं हात आला की पापणी हलतेच. तुला त्या बाजूचं दिसत नव्हतं.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. सरांनी पाणी दिलं आणि विचारलं, "दम आहे का?" मी मान हलवली. त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी पंचांकडं जाऊन लढत थांबवली असती. कदाचित मलाच म्हणाले असते, मार तिथंच. मला दोन्हीही ऐकायचं नव्हतं. मी ठरवून गप्प बसले आणि तिसऱ्या फेरीची तीनही मिनिटं तुझ्या डाव्या बाजूनं आले. माझे उजव्या हाताचे हुक, बाजूनं वळवून मारलेले ठोसे, तुला येताना दिसत नव्हते, बसल्यावर कळत होते. शेवटी शेवटी तू नुसत्या अंदाजानं हात वर धरत होतीस. आणि तरी त्यातले कितीतरी तू अडवलेस. ते कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

निकाल माझ्या बाजूनं लागला. पंचांनी माझा एक हात वर केला. दुसरा तू वर केलास.

मग सुरू झालं लोकांचं. हॉलबाहेरच्या चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, आमच्या सरांच्या मित्रांमध्ये. "बाई संपलीच होती." "दोन वर्साआधीच सोडाले पायजे होतं." "पोरीनं कुठी हरवलं, वयानं हरवलं." पहिले दोन दिवस मला राग आला. माझा विजय माझ्या हातातून काढून वयाच्या हातात देऊन राह्यले, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र ते मला सोयीचं वाटायला लागलं. तू म्हातारी होऊन हरलीस, असं सगळेच म्हणत असतील तर मी काय केलं ते कोणी विचारणार नव्हतं. मग मीही तेच म्हणायला लागले. लोकांना वाटलं, पोरगी किती नम्र आहे.

आठ दिवसांनी तू आमच्या गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलीस. हातात रानबोरांची पिशवी. घर विचारत विचारत आलीस. बाबांनी सकाळीच तळ्यातून मरळ आणली होती, आईनं रस्सा केला. तू मांडी घालून जेवायला बसलीस आणि तुला पाहायला अर्धी गल्ली आमच्या अंगणात आली. शेजारचे काका तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बाई, तुमचं वय झालं होतं. नाईतर आमच्या पोरीची काय ताकद."

तुझा हात ताटात थांबला.

"काका, मी फॉर्मात होती. अकरा वर्सात इतकी चांगली कवाच नव्हती. तुमच्या पोरीनं हरवलं मले."

आईनं पदरानं डोळे पुसले. तू पुन्हा जेवायला लागलीस आणि रस्सा मागून घेतलास.

तुला फाट्यावर सोडायला आले तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही कशाले खोटं बोलता? तुमचं वय झालं होतं."

तू रस्त्यात थांबलीस. इतकी रागावलेली मी तुला रिंगमध्येही पाहिली नव्हती.

"एक सांग. ठोसे मारतानी 'तुमी' म्हनून मारत होती का? तू म्हन. आनि माहं वय मी पाहीन. तुले कोनं सांगितलं त्याची काळजी कराले?"

त्या दिवसापासून तू माझी बाई झालीस. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, आणि मला सख्खी बहीण नव्हती. त्या दिवसापासूनच आपलं भांडणही लागलं.

राज्य स्पर्धेला तू रजा काढून माझ्याबरोबर आलीस. माझ्या कोपऱ्यात सरांच्या बाजूला बसलीस आणि दर फेरीनंतर एकच गोष्ट सांगायचीस, दोन नाही. मला तिसरा क्रमांक मिळाला. पुढं क्रीडा कोट्यातून गोंडपिपरीच्या तहसीलमध्ये लागले. पहिल्या दिवशी टेबलाशी बसले तेव्हा मनात आलं की ही खुर्ची त्या तीन मिनिटांतून आली आहे. दर वेळी भेटल्यावर वाटायचं, आज सांगू. बाई, मला दिसलं होतं, आणि मी तिथंच मारलं. पण तोंडातून यायचं ते दुसरंच. "बाई, तू थकली होती." तू म्हणायचीस, "नव्हती." तुला वाटत असेल, ही मला म्हातारी म्हणून चिडवते. मी खरं म्हणजे त्या शब्दाच्या आड लपत होते.

तुझी बदली भामरागडकडं झाली तेव्हा मी एका हिवाळ्यात तुझ्याकडं चार दिवस राहिले. आठवतं? पावसाळ्यात रस्ता तुटतो म्हणून तू चार महिन्यांचं धान्य कोठीत भरून ठेवायचीस आणि त्या कोठीच्याच वरच्या वाशाला भुसा आणि चिंध्या भरलेलं पोतं टांगलं होतंस. चाळिशी ओलांडली होती तरी रोज सकाळी त्या पोत्याला मारायचीस. वस्तीतल्या माडिया बाया कुडाशी उभ्या राहून पाहायच्या आणि आपसात काहीतरी बोलून हसायच्या. त्यातली एक तुला रोज सकाळी विचारायची, आज पोत्यानं काय गुन्हा केला. तू तिला तिच्याच बोलीत उत्तर द्यायचीस आणि ती हसत हसत पाण्याला जायची.

एका दुपारी आपण जंगलात जाळरेषा पाहायला गेलो. वणवा पुढं पसरू नये म्हणून पालापाचोळा काढून केलेली ती रिकामी पट्टी. पट्टीच्या पलीकडं जुनी जळलेली बांबूची बेटं होती. तू एका काळ्या बांबूवर काठी टेकवून म्हणालीस, "बांबू जळतानी फटाक्यासारका फुटते. एक कपची उडाली होती. इथी नाई, तिकडं मूल तालुक्यातल्या जंगलात होती तवा."

"कवा?"

"आपल्या लढतीच्या आधीच्या उनाळ्यात."

एवढं बोलून तू थांबलीस. माझ्याकडं पाहत होतीस, मान तशीच जराशी वळवून. आता मला वाटतं, तू दार उघडून धरलं होतंस, मी फक्त आत यायचं होतं. मी विचारलं, "इथी वाघ येते का?" तू हसलीस. म्हणालीस, "येते. चाल."

त्याच संध्याकाळी नद्यांच्या संगमावर बसलो असताना पुन्हा भांडलो. या वेळी मी सरळ विचारलं, "तुले काय फरक पडते? वय झालं म्हटलं तर काय बिघडते?" पाणी फार कमी होतं, वाळूवर होड्या ओढून ठेवल्या होत्या.

"वयानं हरवलं म्हनजे कोनीच नाई हरवलं," तू म्हणालीस. "मंग मी रिंगातून निंगाली कशी? आपोआप? मानसाले मानसानं हरवलं पायजे. अकरा वर्सं मी ज्या पोरींना हरवलं त्याईच्यासाठीबी."

मी म्हटलं, "तरीबी तू थकली होती." तू माझ्या दंडावर एक ठेवून दिलास. गमतीनं दिलास, पण हात दोन दिवस दुखला. तो दंड चोळताना मनात आलं होतं, ही खरंच थकली नव्हती.

मग आजार आला आणि उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत सगळं आटोपलं. शेवटचं भेटायला मी गडचांदूरला तुम्हा नवरा-बायकोच्या घरी आले. भाऊजी सिमेंटच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन तुझ्याजवळच बसून होते. मला पाहून ते चहा ठेवायला आत गेले. मी खाटेच्या जवळ पडलेली खुर्ची ओढून बसले. तुझे खांदे तेवढे राहिले होते, बाकी अंगावर काही उरलं नव्हतं.

तू म्हणालीस, "तिकून नको बसू. या बाजूनं ये. तिकून तू दिसत नाईस."

मी उठले.

"तुले तर माहीतच आहे," तू म्हणालीस.

आवाजात काहीच नव्हतं. दोष नव्हता, टोमणाही नव्हता. घरातल्या माणसाला एखादी वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं, तसं. मी खाटेला वळसा घालून उजवीकडं आले आणि तुझा हात धरला. तू माझी बोटं चाचपलीस, अंगठ्यापासून. मग भाऊजी चहा घेऊन आले आणि तू त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालीस, "सांग तुह्या भाऊजीले, मी फॉर्मात होती का नाई?"

मी हसले आणि म्हटलं, "नाई. थकली होती."

हे मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. सवयीनं निघालं, बाई. आपलं भांडण चालू राहिलं तर तूही राहशील, असं काहीतरी वेडं मनात असावं.

तुझ्या तेरवीला मंडपात खूप माणसं होती. तुझ्या खात्यातली, कारखान्याच्या कॉलनीतली, आणि तुझ्याकडून कधीतरी हरलेल्या चारपाच जणी, आता लेकरंबाळं घेऊन आलेल्या. जेवणं होत आली तशी तीच जुनी चर्चा निघाली. एक म्हणाला, शेवटची लढत लढायलाच नको होती, अकरा घेऊन घरी बसायला हवं होतं. दुसरा म्हणाला, वय कोणाला सोडतं. मी ऐकत होते. भाऊजी पंक्तीत वाढत होते. हातातली बादली त्यांनी कोणाकडं तरी दिली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"प्रणाली, एक विचारू?"

"विचारा नं, भाऊजी."

"त्या साली ती नाईच म्हनत होती. म्हने, आता बस झालं. काऊन बस झालं ते सांगितलं नाई. मीच मागं लागलो. म्हनलं, अजून एक वर्स, बारा होऊ दे. माह्यासाठी गेली ती." त्यांनी पंक्तीकडं पाहिलं. "शेवटी तर तिले डावीकडचं दिसतबी नव्हतं. बिमारीनं डोळाही नेला. ते पाहून मले सारकं तेच आठवे. मी तिले म्हातारपनी रिंगात ढकललं का व? तू समोर होती. तुलेच माहीत."

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत नाही. तुझ्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला तो डोळा आजारातच गेला असं वाटतं. बांबूची कपची, तो उन्हाळा, काहीच नाही. तू चहा सांडायचीस, दाराला खांदा आपटून घ्यायचीस, ते त्यांनी धांदरटपणावर टाकलं असेल. तुझी ती बाजू या जगात दोघींनाच माहीत होती. एक तू, आणि एक मी, जिनं रिंगमध्ये तुझ्यासमोर फक्त नऊ मिनिटं घालवली.

खरं सांगितलं असतं तर मी मोकळी झाले असते. आणि त्या माणसाला उरलेलं आयुष्य हे घेऊन जगावं लागलं असतं की आपण बायकोला एका डोळ्यानं रिंगात पाठवलं.

मी म्हटलं, "नाई, भाऊजी. बाईचं वय नव्हतं झालं. ती फॉर्मात होती. मी तिच्याहून चांगली लढली, म्हनून जिंकली."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तेरवीत तरी सोताचा मोठेपना नको." ते मला ऐकू आलं आणि भाऊजींनाही. मी मान खाली घातली नाही.

भाऊजींनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तीबी हेच सांगे. रोज नाई, पन माह्या मनात आलं का तिले समजेच. मले वाटे, मले बरं वाटावं म्हनून सांगते." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "म्हनजे खरंच सांगत होती."

ते उठले आणि बादली घेऊन पुन्हा पंक्तीत गेले.

बाई, इतकी वर्षं मला वाटायचं की तू तुझ्या मानासाठी हटून बसलीस, आणि कधी कधी वाटायचं, माझ्यासाठी. त्या घरात ते वाक्य कोणासाठी बोललं जात होतं, हे मला कधी सुचलंच नाही. मी मात्र त्यांच्यादेखतसुद्धा ते मोडायला बसलेली. तू एकदाही मला डोळ्यानं खुणावलं नाहीस की गप्प बस.

आता भांडण मिटलं. चार माणसांत मी कबूल केलं, ते मागं घेता यायचं नाही. लोक मला गर्विष्ठ म्हणतील, म्हणू देत. मीही आता तुझ्याच बाजूनं बोलणार, भाऊजी जेव्हा जेव्हा विचारतील तेव्हा. आणि तुला सांगते, संगमावर दुखावलेला तो दंड आठवला की मला ते खोटंही वाटत नाही. डोळा गेला होता, तू नव्हतीस गेली.

माफी मागायची म्हणून कागद घेतला होता. पण मागणार नाही. माफी मागितली तर आपली लढत रद्द होईल, आणि ती तुला नको होती. आता मलाही नको. मी तुला हरवलं, रेखाबाई. तू चांगली होतीस आणि मी तुला हरवलं.

तुझी,
प्रणाली